तोडण्याआधी फोन

आप्पा, काल मी काकूंशी खोटं बोलले.

परवा तुम्हाला तुमच्या चुडाव्याच्या वावरात मातीत बसवलं. तुमच्यात निजवत नाहीत, बसवतात, हे ऐकून माहीत होतं, पाहिलं परवाच. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, पाठ ताठ. लोक रडत होते आणि माझ्या मनात आलं, सकाळी दहाला ऑफिसात येऊन खुर्चीवर बसायचात ते अगदी असेच. आता समोरचा संगणकाचा पडदा उजळेल आणि तुम्ही विचाराल, "कोण कोण आलंय गं?" मी तोंडाला पदर लावून बाजूला झाले. लोकांना वाटलं मी रडायलेय. रडत नव्हते, मला लाज वाटत होती.

काल सकाळच्या पॅसेंजरने मी पुन्हा आले. तुमच्या घरून काकूंचा निरोप होता, "ऑफिसचा तो लॅपटॉप घेऊन जा, माझ्याच्यानं बघवंना तो." तुमच्यात सुतक पाळत नाहीत, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. काकूंनी स्वतः चहा केला, समोर बसल्या आणि मला एक प्रश्न विचारला. उत्तर मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणाले, "आठवत नाही, काकू."

तो प्रश्न काय होता ते सांगतेच. पण आधीचं बोलल्याशिवाय त्याला अर्थ नाही, आणि आधीचंही तुम्हाला अर्धंच माहीत होतं. उरलेलं अर्धं माझ्याकडे होतं आणि मी ते धरून बसले.

नऊ वर्षं झाली मी तुमच्या हाताखाली आले त्याला. परभणीत बियाणांच्या दुकानावरचा मजला, खाली ऑटोवाल्यांचा कालवा, वर आपली माती तपासणीची संस्था. मी एमसीए करून आलेली, तोऱ्यात. मला वाटलं होतं मोठमोठी यंत्रं असतील. तुम्ही मला एका कोंदट खोलीत नेलं, तिथं एक सर्व्हर घरघरत होता. तालुक्यातालुक्यांतल्या आपल्या केंद्रांमधले संगणक त्याला जोडलेले. तिकडं कुणी मातीच्या नमुन्याचा आकडा भरला की तो इथं येऊन पडायचा.

"पंगत बघितलीस का कधी?" तुम्ही विचारलंत. "ही पंगत हाय. शंभर पत्रावळी मांडल्यात. तिकडून एकानं प्रोग्राम उघडला की एक पत्रावळ गेली. शंभर बसले की एकशेएकावा दारात उभा. त्याला मशीन म्हणतंय, जागा न्हाई."

मी लगेच म्हणाले, मग दोनशे करा की, सेटिंगमध्ये एक आकडा तर बदलायचा. तुम्ही हसलात. "पत्रावळी वाढवल्यानं सैपाक वाढतो का, इंजिनेर?" त्या दिवसापासून मी तुमची इंजिनेर झाले. राग आला की सुजाता, लाडात आलात की पोरी, आणि मी काही आगाऊपणा केला की इंजिनेर. नऊ वर्षांत इंजिनेरच जास्त वेळा ऐकलं.

तुमची पद्धत मला पहिल्या आठवड्यातच हास्यास्पद वाटली होती, हे आता कबूल करते. जागा भरत आल्या की तुम्ही यादी उघडायचात. कोणत्या केंद्रातून कोण जोडलेलं आहे, कोण काम करतंय, कोण नुसतंच बसलंय. दुसऱ्या कुणीही नुसत्या बसलेल्यांना एका ओळीच्या आज्ञेनं उठवलं असतं, दोन सेकंदांचं काम. तुम्ही फोन उचलायचात. "शरणु शरणार्थी. तुमची लाईन तासभर गप हाय. काम चालूय का तोडू?" पलीकडचा म्हणायचा, तोडा, आप्पा, मी जेवायला आलोय. मग तुम्ही तोडायचात. कधी पलीकडचा म्हणायचा, थांबा, आप्पा, थोडं राह्यलंय. मग तुम्ही थांबायचात आणि दुसरा नंबर लावायचात. एप्रिल-मे महिन्यांत, पेरणीआधी सगळा जिल्हा माती घेऊन दारात यायचा तेव्हा तुमचा अर्धा दिवस फोनवर जायचा. मी मनात म्हणायचे, हा माणूस डेटाबेस सांभाळतोय की मंगल कार्यालय.

त्या वर्षी तुम्ही दोन दिवस रजेवर गेलात आणि मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. दहा मिनिटं जो गप्प असेल, त्याला आपोआप बाहेर. यादी कशी साफ झाली म्हणून सांगू. तुम्ही आलात, यादी पाहिलीत आणि कामाला लागलात. दुपारी राणीसावरगावहून सुमनबाईंचा फोन आला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि फोन ठेवून मला म्हणालात, "उद्या राणीसावरगावला जा. कॉम्प्युटरला हात लावू नको. सुमनबाई दिवसभर काय करतात तेवढं बघ."

मी फणफणत गेले. गंगाखेडपर्यंत एसटी, पुढं काळीपिवळी, मांडीवर कुणाचं तरी पोतं. सुमनबाई एकट्याच त्या केंद्रात. माती चाळायची, तोलायची, बीकरमध्ये पाणी घालून ढवळायची, खाली बसायची वाट बघायची, मग यंत्राचा दांडा बुडवून आकडा घ्यायचा, हात पुसायचे आणि तो संगणकात भरायचा. मध्येच कुणी शेतकरी येऊन विचारायचा, माझा कागुद झाला का. मध्येच लाईट जायची. एका आकड्यापासून दुसऱ्या आकड्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटं सहज जात होती आणि तेवढा वेळ त्यांची लाईन गप्प. आपला तेव्हाचा प्रोग्राम असा होता की पूर्ण घाणा, म्हणजे चाळीसच्या चाळीस नमुने, भरल्याशिवाय काही जतनच होत नसे.

"चाळीस नमुने व्हते, बाई," सुमनबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "एकोणचाळीस भरले आन् पडदा गेला. मला वाटलं माझंच काहीतरी दाबलं गेलं. मी आप्पांना म्हणलं, मला येत न्हाई हे काम, दुसरं कुणी बघा." मग त्यांनी मला डब्यातला सुशीला खायला दिला. लिंबू पिळलेले ते चुरमुरे मी शेवटपर्यंत खाल्ले. तो पडदा मी घालवला, हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं नाही. हे आज लिहिताना लक्षात येतंय, आप्पा. माझी ही खोड जुनीच.

परत येऊन मी तुमच्याशी भांडले, कारण माफी मागण्यापेक्षा ते सोपं होतं. म्हणाले, नियम बरोबरच आहे, प्रोग्राम चुकीचा आहे. प्रत्येक आकडा भरताक्षणी जतन व्हायला हवा, मग लाईन तुटली तरी काही जाणार नाही. तुम्ही म्हणालात, "बरोबर हाय तुझं. लिही तसा. पण लिहून होस्तोर फोन लाव." तुम्ही माझं बरोबर असलं की बरोबर म्हणायचात. किती लोक म्हणतात तसं? माझे वडील शिक्षक होते, पण त्यांच्याकडूनही मला हे फारसं मिळालं नाही.

मी प्रोग्राम नव्यानं लिहिला. वर्ष लागलं. त्या वर्षात तुम्ही मला फोन करायला लावलंत आणि मला ते अंगवळणी पडलं. गंगाखेडच्या बाईंना मूल झालं ते मला लाईन तोडण्याआधीच्या फोनवर कळलं. आमच्या भीमजयंतीला तुम्ही न सांगता माझ्या जागेवर बसायचात, तुमच्या जयंतीला मी तुमच्या. दोघांच्याही जयंत्या नेमक्या उन्हाळ्यात, कामाच्या ऐन गर्दीत. एकदा मी म्हणाले, आपल्या थोरांनी जरा हिवाळ्यात जन्म घ्यायला काय झालं होतं. तुम्ही इतके हसलात की खालच्या दुकानातून कुणीतरी वर बघायला आलं.

आणि नवा प्रोग्राम सुरू झाल्यावर आपलं ते भांडण सुरू झालं, जे संपलंच नाही. माझं म्हणणं साधं होतं. आता लाईन तुटली तर कुणाचं काहीही जात नाही. पुन्हा उघडा, पुन्हा बसा. मग फोन कशाला? तुम्ही मान हलवायचात. एक दिवस चहा पिता पिता म्हणालात, "जात काही नसल. पर तिकडच्याला काय वाटतंय? त्याला वाटतंय, आपलंच काही चुकलं."

मी म्हणाले, "आप्पा, वाटण्याला मशीनमध्ये रकाना नाही."

माझ्या त्या उत्तरावर मी स्वतःच खूश होते. आठवडाभर दोघा-तिघांना ऐकवलंही. तुम्ही कपाळावर आठ्या घालून चहा संपवलात आणि कप विसळायला गेलात.

मग तुमच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. नोकरीची दोन वर्षं राहिली होती, तुम्ही चुडाव्याला जाऊन राहिलात. मी भेटायला आले तेव्हा तुम्ही ओट्यावर बसला होतात, उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. बोलणं तेवढं शाबूत होतं. मला म्हणालात, "दहा वाजले की करमंना बघ." मी ऑफिसचा जुना लॅपटॉप आणला, तुमच्या नावाचं खातं काढलं. बदल काही करता येणार नाही, नुसती यादी बघता येईल, असं. पासवर्ड आपण दोघांनी मिळून ठरवला. तुम्ही डाव्या हाताच्या एका बोटानं तो टाइप केलात, आणि यादी उघडली तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "राणीसावरगाव आलंय," तुम्ही म्हणालात. काकू दारातून म्हणाल्या, "आता आमाला कोण इचारतंय."

तेव्हापासून रोज सकाळी दहाला यादीत तुमचं नाव. संध्याकाळी सहापर्यंत. काही करत नसायचात, नुसते असायचात. दहा-दहाला मला फोन. "सोनपेठचं कुणी दिसंना आज." "जिंतूरच्या तीन खिडक्या उघड्या हायेत, बघ जरा." पहिले सहा महिने मला बरं वाटायचं. नंतर कधीकधी फोन वाजला की मी दात आवळायचे. हेही लिहूनच ठेवते. तुम्ही गेलात म्हणून तुमचा कंटाळा कधी आलाच नव्हता असं म्हणणार नाही. तुम्हाला ते आवडलंही नसतं.

या मे महिन्यात वरून पत्र आलं. नोकरीत नसलेल्यांची सगळी खाती बंद करावीत, यादी जोडावी. आपल्या सर्व्हरवर असं खातं एकच होतं. मी दोन ओळी लिहून सवलत मागू शकले असते. नुसतं बघण्याचं खातं, त्यात धोका काय, कुणी नाही म्हटलं नसतं. पण ऐन गर्दीचे दिवस, जागा भरत आलेल्या, त्यातली एक रोज आठ तास तुमच्याकडे अडकलेली. आणि दहा-दहाचा तो फोन. मी खातं काढून टाकलं. दोन सेकंद लागले.

फोन लावायला हवा होता. फोन हातात घेतलाही होता. पण तुम्हाला काय सांगणार होते? आप्पा, तुम्ही आता बाहेरचे? तुम्ही वाद घालाल असं नाही वाटलं मला. तुम्ही "बरं" म्हणाल असं वाटलं, आणि ते "बरं" मला ऐकायचं नव्हतं. म्हणून म्हटलं, उद्या करू.

दुसऱ्या दिवशी दहाला सर्व्हरनं मला निरोप दिला की तुमच्या नावानं कुणीतरी चुकीचा पासवर्ड टाकतंय. तीन वेळा. त्याच्या दुसऱ्या दिवशी पाच वेळा. मग चार. रोज दहाला. माझ्या फोनवर ते निरोप टुण् टुण् वाजायचे. चौथ्या दिवशी मी तुमच्या नावापुरते निरोप बंद करून टाकले.

तुमचे फोन येत राहिले, पण उशिरा, अकरा-साडेअकराला, आणि वेगळे. "सगळे आले का गं आज?" मी म्हणायचे, आले. "गर्दी हाय?" आहे. बस. तुम्ही त्या खात्याबद्दल एक शब्द काढला नाहीत. मी मनात म्हटलं, समजलं असेल यांना, शहाणा माणूस आहे, मला अवघडायला नको म्हणून बोलत नाहीत. किती सोयीचं होतं ते माझ्यासाठी.

शेवटचा फोन जूनमधला. तुम्ही म्हणालात, "पोरी, तो आपला पासवर्ड..." आणि थांबलात. माझ्यासमोर दोघंजण उभे होते, एका केंद्राचा संगणक जोडलाच जात नव्हता. मी म्हणाले, "आप्पा, थोड्या वेळानं करते." तुम्ही म्हणालात, "जाऊ दे, कामात असशील." ते दोघं निघून गेले, केंद्र जोडलं गेलं, मी डबा खाल्ला, संध्याकाळी भाजी घेऊन घरी गेले. फोन केला नाही.

आता काल काकूंनी काय विचारलं ते.

त्यांनी लॅपटॉप दिला आणि सोबत लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा. तुमच्याकडे पत्रिका टाकत नाहीत, कोऱ्या पाठीवर वाणसामान लिहितात, हे मला माहीत होतं. त्या पाठींवर तुमच्या डाव्या हातानं लिहिलेली अक्षरं होती. मोठी, वाकडी, एकमेकांपासून लांब उभी. पासवर्ड कुठं लिहून ठेवायचा नसतो हे मला पहिल्या दिवशी शिकवणारे तुम्ही, आणि तुम्ही तो पत्रिकांवर लिहिला होता. प्रत्येक पत्रिकेवर पहिली ओळ बरोबर. अक्षर न् अक्षर बरोबर. त्याखाली तुम्ही तो बदलत गेला होतात. एक आकडा इकडचा तिकडं, एक अक्षर मोठं, एक अक्षर गाळून. मग काट मारलेली. मग दुसऱ्या पत्रिकेवर पुन्हा पहिली ओळ, पुन्हा बरोबर.

"रोज सकाळी हेच," काकू म्हणाल्या. "मशीन म्हणायचं, चुकलं. हे म्हणायचे, माझ्या ध्यानातून गेलं, काय करू. मी बदाम भिजू घालून द्यायची. मला म्हणले, आधी हात गेला, आता डोस्कं चाललं. मग संध्याकाळचे टेसणावर जाऊन बसायचे, तेबी बंद केलं. मी म्हणलं, कामून? तर म्हणले, येताना वाट इसरलो तर?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मी म्हणलं व्हतं त्यांना," काकू सांगत होत्या, "त्या पोरीनंच बंद केलं असल तुमचं. तर माझ्यावरच डाफरले. म्हणले, न्हाई. ती तोडायच्या आधी फोन करती."

आप्पा, सर्व्हर बाहेरच्याला खरं सांगत नाही, हेही तुम्हीच शिकवलं होतं मला. नाव यादीत नसलं तरी तो म्हणतो, पासवर्ड चुकला. मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, चोराला कळू नये म्हणून. म्हणजे तुम्हाला माहीत होतं की त्या एका वाक्याचे दोन अर्थ होतात. एकतर तुम्ही विसरलात किंवा मी तुम्हाला काढलं. रोज सकाळी दहाला हे दोन्ही तुमच्यासमोर होते. आणि रोज तुम्ही माझ्यावरचा विश्वास राखला आणि स्वतःच्या डोक्यावरचा सोडला. एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकू नये.

मग काकूंनी पत्रिका माझ्यासमोर पसरल्या आणि विचारलं, "ह्यातला खरा कोणता व्हता गं? एक तरी बरोबर आला का त्यांना?"

मी म्हणाले, "आठवत नाही, काकू."

स्टेशनवर गाडीला दोन तास होते. तुम्ही बसायचात त्या बाकावर बसले. पिशवीत लॅपटॉप, लॅपटॉपवर तुमच्या डाव्या बोटांचे डाग. घरून ओट्यावरून बघितलं तर हा बाक दिसतो, आप्पा. तुम्ही या वाटेला घाबरलात. मला मागे फिरून सांगता आलं असतं, पन्नास पावलं नव्हती. गाडी आली आणि मी बसले.

रात्रभर मी स्वतःला समजावलं की आता सांगून काय मिळणार. तुम्ही तर गेलात. काकूंना उगाच त्रास. हे सगळं ऐकायला चांगलं वाटतं, आणि त्यातला काही भाग खराही असेल. पण मी स्वतःला ओळखते. सुमनबाईंनाही मी असंच सांगितलं नव्हतं, आणि त्या पुढं वर्षभर प्रत्येक कळ दाबायच्या आधी आपल्याला फोन करून विचारायच्या, दाबू का.

आज ऑफिसात आले. आधी सुमनबाईंना फोन लावला. म्हटलं, आठ-नऊ वर्षांपूर्वी चाळीस नमुने गेले होते ते तुमच्या हातून नव्हे, माझ्यामुळं. त्यांना आधी आठवेचना. मग म्हणाल्या, "आप्पांनी तवाच सांगितलं व्हतं की, बाई. म्हणले, आमच्याकडून चूक झाली, तुमी काम सोडू नका. माझं भ्या मातर वरीसभर गेलं न्हाई." आमच्याकडून म्हणालात तुम्ही. माझं नावही घेतलं नाहीत. आणि मला कधी कळूही दिलं नाहीत.

मग दहा वाजले. यादी उघडी होती. राणीसावरगाव आलं होतं, गंगाखेड, सोनपेठ, जिंतूर, सगळे. मी तुमच्या घरचा नंबर लावला.

काकूंनी उचलला. मी शरणु शरणार्थी म्हणाले. आजवर मी ते कधी म्हटलं नव्हतं, तुम्ही म्हणायचात आणि मी जय भीम म्हणायचे. मग म्हणाले, "काकू, काल मी खोटं बोलले. आप्पांचा पासवर्ड बरोबर होता. प्रत्येक पत्रिकेवरची पहिली ओळ. मीच त्यांचं खातं बंद केलं होतं, आणि त्यांना फोन केला नाही."

पलीकडं मालगाडीचा आवाज, लांबून जवळ येणारा आणि मग लांब जाणारा.

"मंजे ते इसरले नव्हते," काकू म्हणाल्या.

"नाही."

"कायच न्हाई?"

"काहीच नाही, काकू. शेवटच्या दिवसापर्यंत सगळं बरोबर होतं."

मला वाटलं आता त्या मला बोलतील. मी तयार होते. मला ते हवंही होतं.

"मी लय बोलले गं त्यांना," काकू म्हणाल्या. "शेवटी शेवटी. इसरभोळे झालात, लेकराचं नाव तरी ध्यानात हाय का, म्हणून. लय बोलले."

तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात ते शोधत बसले, सापडलं नाही. खालून ऑटोवाल्यांचा आवाज येत होता, समोरच्या यादीत नावं वाढत होती, कुणीतरी दारात येऊन हातानं विचारून गेलं, जागा भरत आल्यात, काढू का कुणाला. मी मानेनंच नाही म्हटलं. काकूंचा श्वास ऐकू येत होता, मध्येच पदरानं नाक पुसल्याचा आवाज. मी फोन कानाला धरून बसून राहिले.